राजकुंवरच्या सायकलचं पच्चक्खाण

राजकुंवर पडली मोरीत आणि नाव झालं सायकलचं.

सायकल तेव्हा जिन्याखाली साखळी लावून उभी होती, एखाद्या सज्जन पाहुण्यासारखी गुपचूप. साबणाचं पाणी सांडलं होतं मोरीत. पाय सटकला मोरीत. माकडहाड आपटलं तेही मोरीच्या कठड्यावर. राजकुंवरनं हे घरातल्या प्रत्येकाला सांगितलं आणि नंतर भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं, पलंगावर आडवं पडून, दात आवळून. ऐकणारे मान डोलवत, "हो ना, हो ना" करत, बशीत चहा ओतत, फुंकर मारत आणि मग ठरलेलं वाक्य टाकत, "तरी आम्ही म्हणतच होतो, या वयात सायकल कशाला!"

मोरी कुणी बंद केली नाही. साबण कुणी घराबाहेर काढला नाही.

धुळ्याच्या पाचव्या गल्लीत कुणाची कंबर गेली की आख्खी गल्ली वैद्य होते. चुलतसासू आली. ती नाकातून बोलते, प्रत्येक शब्दाला जरा सर्दी असते. "राजकुंवर गं, एरंडाचं पान तव्यावर गरम कर, बांध कमरेला. आणि ती सायकल दे कुणालातरी." नवऱ्याचा, इंदरचंदचा, एक मित्र आला. त्यानं आयुष्यभर घरं बांधली, त्यामुळे त्याला माणसं इमारतीसारखी दिसतात. "वहिनी, कंबर म्हणजे बीम. बीमला तडा गेला की वर स्लॅब कितीही चांगला असू दे. सायकल म्हणजे व्हायब्रेशन. व्हायब्रेशन म्हणजे संपलं." जाताना तो पलंगाकडे असा बघून गेला, जणू आता पाडापाडीचीच नोटीस लावायची बाकी आहे.

राजकुंवर छताकडे बघत पडून राहायची. कंबर ठणकायची, पण ठणक्याचं काही वाटत नव्हतं. राग यायचा, तो मोरीचा. पडली ती आणि सुटली मोरी.

---

पिंपळनेरला तिच्या बापाचं किराणा दुकान होतं आणि थोरल्या भावाला सायकल होती. भाऊ कुणाच्या घरी निरोप द्यायला आत गेला की राजकुंवर दारात सायकल धरून उभी. "धर गं, पडू देऊ नको." तिचं सगळं लहानपण सायकल धरण्यात गेलं. लग्न होऊन धुळ्याला भांड्यांच्या दुकानदाराकडे आली, तर इथे सासऱ्याची सायकल पुसायला मिळाली. मग स्कूटर आली. मग मुलगा संयम मोठा झाला, त्याची गाडी आली. वाहनं वाढत गेली, पण राजकुंवरचा प्रश्न तोच राहिला, "अहो, सोडता का?"

माहेरपणाला आलेल्या बहिणीला भेटायचंय, सोडता का? जैन स्थानकात साध्वी महासतीजी आल्यात, सोडता का? आणि इंदरचंद दुकानाच्या गादीवर मांडी घालून, डोळे न उचलता म्हणायचा, "मी काय म्हणतो, संध्याकाळी बघू." इंदरचंदचं प्रत्येक वाक्य 'मी काय म्हणतो'नं सुरू होतं. म्हणतो मात्र तो एकच, संध्याकाळी बघू. त्याच्या संध्याकाळी कधी उजाडल्या नाहीत.

नात चेलना शिकायला जळगावला गेली आणि तिची शाळेतली लेडीज सायकल जिन्याखाली राहिली. दिवाळीच्या सुट्टीत चेलनानंच आजीला पांझरा नदीच्या काठच्या रस्त्यावर नेलं. मागून ओरडायची, "आजी, खाली काय बघतेस? हँडल काय साप आहे?" राजकुंवर दोनदा झाडाला धडकली, एकदा म्हशीला. म्हशीनं काही मनाला लावून घेतलं नाही. सुट्टी संपेपर्यंत राजकुंवर साडीचा पदर खोचून, मागच्या चाकाला जाळी लावून, आग्रा रोड ओलांडून स्थानकात स्वतःची स्वतः पोचायला लागली. बायका म्हणाल्या, "अगंबाई!" पुरुष काही म्हणाले नाहीत, पण इंदरचंदला दुकानात येऊन म्हणाले.

दोन वर्षं झाली होती. दोन वर्षांत राजकुंवरनं कुणालाच 'सोडता का' विचारलं नव्हतं.

---

हाडांच्या डॉक्टरांनी फिल्म उजेडावर धरली. मणका थोडा सरकलाय म्हणाले, नसांची वाट अरुंद झालीय म्हणाले, आत्ता ऑपरेशन नको, विश्रांती घ्या, मग व्यायाम शिका म्हणाले. दवाखान्याच्या पायऱ्या उतरता उतरता इंदरचंदनं संयमला फोन लावला, "ऐक, डॉक्टरांनी सायकल कायमची बंद सांगितलीय."

"कधी सांगितली?" राजकुंवर कठड्याला धरून उभी राहिली.

"मी काय म्हणतो, त्याचा अर्थ तोच होतो."

घरी आल्यावर सायकलच्या साखळीला कुलूप लागलं आणि चावी इंदरचंदच्या बंडीच्या आतल्या खिशात गेली.

व्यायाम शिकवायला साक्री रोडवरची वृषाली होती, फिजिओथेरपिस्ट. वयानं लहान, पण आवाज तालुक्याच्या शाळेतल्या हेडबाईंचा. "काकू, केव्हा दुखतं? सगळीकडे सगळं दुखतं असं सांगू नका, तसं सगळेच सांगतात."

राजकुंवरनं विचार करून सांगितलं. उभं राहिलं की दुखतं. चाललं की आणखी दुखतं, गल्लीच्या टोकापर्यंत गेलं की पायांत शिसं ओतल्यासारखं होतं. पण ओट्यावर ओणवं होऊन कणीक मळताना बरं वाटतं. दुकानात काउंटरवर कोपरं टेकून वाकलं की एकदम मोकळं होतं.

वृषालीच्या भुवया वर गेल्या. तिनं राजकुंवरला क्लिनिकमधल्या जागेवरच्या सायकलवर बसवलं. "सावकाश मारा. दुखलं की सांगा."

राजकुंवर मारत राहिली. भिंतीवर सांगाड्याचं चित्र होतं, ते बघत मारत राहिली. शेवटी वृषालीनंच विचारलं, "दुखतंय?"

"नाही."

"पाय जड?"

"नाही."

"मग घरी सायकल आहे का?"

कोपऱ्यात मोबाइल चाळत बसलेला संयम खाकरला. "मॅडम, म्हणजे आहे, पण अ‍ॅक्च्युअली फॅमिलीनं असं ठरवलंय की रिस्क..."

"आहे," राजकुंवर म्हणाली.

मग वृषाली बोलायला लागली आणि राजकुंवर अशी ऐकत राहिली, जसं तिनं आजवर प्रवचनही ऐकलं नव्हतं. वृषाली म्हणाली, हे सगळ्यांना लागू नाही, गल्लीत जाऊन सांगत फिरू नका. काहींची कंबर वाकलं की बिघडते, तुमची वाकलं की सुटते. सीट नीट करून घ्या. पेडल अगदी खाली असताना गुडघा जेमतेम वाकलेला पाहिजे. सीट खाली राहिली तर गुडघे पोटाशी येतात आणि कंबरेची कमान होते. फार वर गेली तर बसल्या जागी बूड डावं-उजवं डोलतं, मणक्याला रगडा बसतो. हँडल जरा जवळ, कोपरं सैल, थोडंसंच पुढे वाकायचं. टायरात हवा दगडासारखी नको. हँडलला पिशव्या लटकवायच्या नाहीत. थांबताना आधी सीटवरून पुढे उतरायचं, दोन्ही पाय जमिनीवर, मग बाकी सगळं. खड्डा दिसला की उतरून चालायचं, त्यात कमीपणा नाही. सुरुवातीला सपाट रस्ता आणि थोडंच. "आणि काकू, पाय बधिर पडले किंवा लघवीवरचा ताबा गेला, तर लाजून गप्प बसायचं नाही. त्याच मिनिटाला दवाखाना. कळलं?"

"कळलं."

"दादा, तुम्हाला कळलं?"

"हो हो मॅडम," संयम म्हणाला. त्यानं मोबाइल खिशात ठेवला होता, म्हणजे खरंच कळलं असावं.

त्यानंच बापाच्या बंडीतून चावी काढून दिली, बाप अंघोळीला गेल्यावर. सीट वर करून देणाऱ्या भिकन मिस्त्रीनं दोनदा विचारलं, "अक्का, इतली वर? नक्की शे ना?" नक्की होती. दुसऱ्या दिवशी सकाळी राजकुंवर पांझरेच्या काठानं गेली, फार लांब नाही, पुलापर्यंत आणि परत. चढताना कमरेत कळ आली. मग पेडल फिरायला लागलं आणि कळ मागे कुठेतरी राहिली. वारा तोंडावर होता. तिला मोठ्यानं हसावंसं वाटलं, पण समोरून ओळखीचे दोघं फिरायला येत होते.

त्या दोघांनीच दुकान उघडायच्या आत इंदरचंदला गाठलं.

इंदरचंद घाबरला होता, ही गोष्ट खरी. मोरीतून तिला उचलताना त्याचा चष्मा साबणाच्या पाण्यात पडला आणि त्याला कळलंही नाही, ते राजकुंवरनं पाहिलं होतं. म्हणूनच तर तिला जास्त संताप यायचा. घाबरला तो आणि घरात बसायचं तिनं.

---

चातुर्मास चालू होता. महासतीजींचा मुक्काम स्थानकात होता, रोज सकाळी प्रवचन. प्रवचन संपलं की पच्चक्खाण घ्यायची वेळ येते. ज्याला जे सोडायचं असेल ते त्यानं उभं राहून सांगायचं. कुणी बटाटा सोडतो, कुणी रात्रीचं जेवण, कुणी महिनाभर गोड. महासतीजी पाठ म्हणतात, शेवटी घेणाऱ्यानं 'वोसिरामि' म्हणायचं, मी सोडलं. तो शब्द तोंडातून गेला की संपलं, परतीची वाट नाही.

पण माणसं ती माणसंच. स्वतःचं सोडण्यापेक्षा दुसऱ्याचं सोडवण्यात मजा जास्त. त्यामुळे दर चातुर्मासात हा खेळ रंगतो. बायको उठते, "महासतीजी, यांना तंबाखूचा त्याग द्या!" सभा हसते. नवरा उठतो, "हिला मोबाइलचा द्या!" सभा आणखी हसते. त्या दिवशी इंदरचंद उठला. बंडी नीट केली, हात जोडले.

"मत्थएण वंदामि. महासतीजी, मी काय म्हणतो, आमच्या घरच्यांना सायकलचं पच्चक्खाण द्या. कंबर गेलीय, ऐकतच नाहीत."

सभेत एकच हशा पिकला. बायकांच्या बाजूला सगळ्या माना राजकुंवरकडे वळल्या.

"बहनजी कहाँ हैं?" महासतीजींनी विचारलं. "खड़ी हो जाइए."

राजकुंवर उठली. उठताना कमरेत कळ आली, शेजारणीच्या खांद्याचा आधार घ्यावा लागला. ते पाहून सभेत 'च् च्' झालं, जणू पुरावाच सादर झाला.

"कितने समय का?"

"जन्मभराचं!" इंदरचंद म्हणाला.

"अहो भाऊ, चातुर्मासापुरतं तरी मागा," पुढून कुणीतरी म्हणालं.

"मी काय म्हणतो, सोडायचंच तर पुरतं सोडावं."

पुन्हा हशा. महासतीजी राजकुंवरकडे वळल्या. "बहनजी, भाव है? मन से ले रही हैं?"

राजकुंवरनं 'नाही' म्हणायला तोंड उघडलं. पण तिचे हात जोडलेले होते. महासतीजी समोर असल्या की ते आपोआप जोडले जातात, तसे त्याही वेळी जोडले गेले होते. महासतीजींनी हात पाहिले आणि डोळे मिटले. पाठ सुरू झाला, भरभर, ओढ्याच्या पाण्यासारखा. सभा शांत झाली. पाठ संपला आणि ती ओळखीची छोटीशी जागा आली, जिथे घेणाऱ्यानं बोलायचं असतं. लग्नाआधीपासून त्या जागेवर राजकुंवर एकच शब्द बोलत आली होती.

"वोसिरामि," राजकुंवरचं तोंड म्हणालं.

"हर्ष हर्ष, जय जय!" सभा गरजली.

राजकुंवर खाली बसली. तिला पहिल्यांदा कळलंच नाही, मग कळलं. कानशिलं तापली. इंदरचंदनं मागितलं होतं, लोकांनी हसून घेतलं होतं. सगळं खरं. पण सोडलं कुणी? तिच्याच तोंडानं. स्वतःच्या जिभेला चिमटा घेता येत नाही, नाहीतर तिनं तिथेच घेतला असता.

---

राजकुंवरनं आजवर एकही पच्चक्खाण मोडलं नव्हतं. बाळंतपणातही नाही, तापातही नाही. त्यामुळे सायकल पुन्हा जिन्याखाली गेली, चावी पुन्हा इंदरचंदच्या बंडीत गेली आणि राजकुंवर पायी.

पाचव्या गल्लीतून स्थानकापर्यंतचा रस्ता तिनं ओट्याओट्यानं गाठायचा. थोडं चाललं की पायांत शिसं भरायचं, मग कुणाच्या तरी ओट्यावर बसायचं. दुकानदार स्टूल पुढे करायचे, "बसा अक्का, पाणी देऊ? तरी बरं, सायकल सोडलीत." राजकुंवर पाणी प्यायची. स्टूल उचलून कुणाच्या डोक्यात घालायचं, यावर तिचा विचार पक्का होत नव्हता. उमेदवार फार होते.

इंदरचंद स्कूटरवरून जाता जाता हॉर्न वाजवायचा. "मी काय म्हणतो, बस मागे, सोडतो की!"

आता सोडत होता. आता रोज सोडत होता.

भाजीवाली कमलबाई आग्रा रोडच्या कोपऱ्यावर बसते, खेड्यावरून पहिल्या एसटीनं येते. तिचा आवाज असा की मेथी विकताना समोरच्या फुटपाथवरचा माणूस दचकतो. "काय व्हयनं वं माय? सायकल कोठे शे तुनी?"

"पच्चक्खाण घेतलं."

"ते काय ऱ्हास?"

"सोडायची शपथ. जन्मभराची."

कमलबाईनं मेथीची जुडी खाली ठेवली. "कोनी सोडाले लावं?"

"यांनी."

"बरं. मंग भाऊनी काय सोडं?"

राजकुंवर तशीच पुढे निघाली. पुढच्या ओट्यापर्यंत गेली, बसली. तिथून उठली, त्याच्या पुढच्या ओट्यावर बसली. आपण सायकल सोडली, यांनी काय सोडलं? घरी पोचेपर्यंत तो प्रश्न तिच्या डोक्यात कुकरच्या शिट्टीसारखा वाजत होता. मंग भाऊनी काय सोडं?

वृषालीनं पुढच्या वेळी तपासलं आणि तोंड आंबट केलं. "काकू, सगळं परत आखडलंय. सायकल बंद केलीत का?"

"मॅडम, थोडं रिलिजिअस मॅटर आहे," संयम म्हणाला.

"धर्माचं मी काही बोलत नाही. पण या बाई चालू शकत नाहीत आणि सायकल चालवू शकतात. तुम्ही त्यांना चालायला लावलंय. घरी जाऊन एवढं वाक्य वडिलांना म्हणून दाखवा. जसंच्या तसं."

संयमनं म्हणून दाखवलं. त्या रात्री इंदरचंद जेवला कमी. दुसऱ्या दिवशी त्यानं सभेतल्या जाणत्यांना गाठलं आणि संध्याकाळी हमाल घेऊन घरी आला. कपाटाएवढ्या खोक्यातून जी वस्तू निघाली, ती बघून सून रूपल स्वयंपाकघरात निघून गेली. तिला पुढचं दिसलं होतं.

जागेवरची सायकल. चाक नाही, घंटी नाही, एक पांढरं धूड आणि दोन पेडल.

"मी काय म्हणतो," इंदरचंदचा चेहरा लग्नात मिरवणाऱ्या मामासारखा फुलला होता, "पच्चक्खाणाच्या पाठातच सवलती असतात. विसरून झालं, अचानक झालं, थोरांनी सांगितलं, आणि जिवाच्या समाधीसाठी, म्हणजे औषध म्हणून लागलं, तर दोष नाही. औषध म्हणून चालतं! मी विचारून आलो. रस्त्यावरची नको, ही. ही बघ. हॉलमध्येच. पंखा वर. जागेवरच चालते." त्यानं सीटवर थाप मारली. "कुठे जात नाही!"

राजकुंवर त्या धुडाकडे बघत राहिली.

"कुठे जात नाही," इंदरचंद पुन्हा म्हणाला. त्याला वाटलं, तिला पहिल्यांदा ऐकू आलं नाही.

"मला जायचंय," राजकुंवर म्हणाली. आवाज एवढा चढला की रूपलच्या हातातली पळी ताटात पडली. "जायचंय मला! पाय हलवायचे असते तर पलंगावर पडून हलवले असते. दोन वर्षं मी तुम्हाला 'सोडता का' म्हटलं नाही, ते टोचत होतं तुम्हाला. मोरीचं निमित्त मिळालं. मोरीत पडले मी, मोरीत! ती मोरी तुमची, तिचं पाणी तुंबतं म्हणून मी वर्षभर सांगतेय, तर म्हणे संध्याकाळी बघू. त्या मोरीचं घ्या पच्चक्खाण! अंघोळ सोडा जन्मभर!"

त्यांच्या घरात बोलणं मारवाडीत होतं, दुकानात मराठीत आणि भांडण दोन्हींत. त्यामुळे गल्लीत कुणाचं काही चुकलं नाही.

---

दुसऱ्या दिवशी दुपारी राजकुंवर एकटी निघाली. ऊन होतं. ती ओट्याओट्यानं गेली आणि प्रत्येक ओट्यावर तिचा राग थोडा मुरत गेला, कैरीसारखा. स्थानकात चार-दोन बायका माळा घेऊन सामायिकाला, म्हणजे दोन घटका ध्यानाला, बसल्या होत्या. महासतीजी पाटाला टेकून वाचत होत्या. प्रवचनात त्या हिंदी बोलत, पण होत्या खानदेशातल्याच, दुपारी मराठीत बोलत.

राजकुंवरनं वंदना केली, भिंतीला टेकली आणि सरळच म्हणाली, "महासतीजी, तुम्ही मला दिलेलं पच्चक्खाण माझं नव्हतं."

बायकांच्या माळा थांबल्या.

"तुम्ही हात जोडले होते," महासतीजी म्हणाल्या.

"तुम्ही दिसलात की माझे हात जोडले जातात. सवय आहे. ते 'हो' नव्हतं."

"आणि वोसिरामि?"

"ते मात्र मीच म्हटलं. त्याच्यासाठीच आलेय."

मग तिनं सगळं सांगितलं. मोरी, साबण, वृषाली, पायांतलं शिसं, हॉलमधलं धूड. महासतीजींनी मधे अडवलं नाही. शेवटी म्हणाल्या, "तुमच्या घरच्यांनी जे विचारून सांगितलं ते बरोबर आहे. समाधीसाठी सवलत असते. मी म्हणते, रस्त्यावरचीही चालवा, औषध समजून. दोष लागणार नाही."

खरं तर इथे राजकुंवरनं वंदना करून उठायला हवं होतं. तिला हवं ते मिळालं होतं. शेजारची बाई तर 'घे, घे' अशी खूणही करत होती.

"नको," राजकुंवर म्हणाली.

"नको?"

"सवलतीवर चालवली तर रोज सकाळी घरी विचारतील, आज दुखतंय का? दुखत नाही? मग उतर खाली. म्हणजे सायकलवर बसायला मी जन्मभर आजारी राहायचं. मला औषध नको. माझं चुकलं, मनात नसताना बोलले, त्याचा दंड द्या. दंड भरते आणि सुटते."

महासतीजींनी पुस्तक मिटलं. "आलोचना, चुकीची कबुली, अशी रागात करत नाहीत, बाई."

"राग गेल्यावर करायची म्हटलं, तर या जन्मी जमायची नाही."

तोंडावर बांधलेल्या मुहपत्तीच्या पट्टीमुळे महासतीजी हसल्या की काय ते कळत नाही, पण डोळे बारीक झाले. मग म्हणाल्या, "आयंबिल करा. आणि रागाचं म्हणून आणखी एक करा." आयंबिल म्हणजे दिवसातून एकदाच जेवण, तेही उकडलेलं, तेल नाही, तूप नाही, मसाला नाही. "मलाही घ्यावं लागेल. भाव आहे का म्हणून मी विचारलं आणि उत्तराआधीच डोळे मिटले."

शेजारच्या बाईचं तोंड उघडं राहिलं.

राजकुंवर उठायला लागली, तेव्हा महासतीजींनी हळूच विचारलं, "आधी दांड्याखालून पाय घालून कैंची मारून शिकलात, की सरळ सीटवर?"

"सरळ सीटवर."

"कैंची अवघड," महासतीजी म्हणाल्या आणि पुस्तक पुन्हा उघडलं.

---

राजकुंवरनं दोन्ही आयंबिलं केली. उकडलेला भात आणि उकडलेली मुगाची डाळ समोर घेऊन इंदरचंदच्या समोर बसून खाल्ली. तो आपल्या ताटातल्या तुपात चुरलेल्या बट्टीकडे अपराध्यासारखा बघत होता, पण खात होता.

"मी काय म्हणतो," तो शेवटी म्हणाला, "लोक काय म्हणतील? भर सभेत घेतलेलं."

"भर सभेत तुम्ही मागितलेलं. माझा दंड भरून झाला. तुमचा बाकी आहे."

"माझा कसला?"

"स्थानकात जाऊन विचारा. संध्याकाळी जा हवं तर."

तो गेला नाही, हे सांगायला नकोच.

सकाळी राजकुंवर पदर खोचून, पायांत कॅनव्हासचे बूट घालून जिन्याखाली उभी राहिली. साखळीला कुलूप तसंच होतं. इंदरचंद ओट्यावर पेपर वाचत बसला होता. तिनं त्याच्या नाकापुढे, पेपर आणि चष्म्याच्या मधे, हात धरला.

"मी काय म्हणतो..."

"चावी."

"अगं पण पडलीस तर..."

"पडले तर उचला. मोरीतून उचललंत तसं. चावी."

समोरच्या ओट्यावरच्यांनी दात घासणं थांबवलं. इंदरचंदनं गल्लीकडे पाहिलं, राजकुंवरच्या हाताकडे पाहिलं. मग बंडीच्या आतल्या खिशात हात घातला आणि तो हात बाहेर यायला एवढा वेळ लागला, की खिसा थेट साक्रीपर्यंत खोल असावा. चावी त्यानं तिच्या तळहातावर ठेवली.

"हळू जा," तो म्हणाला.

"हळूच जाणार आहे. वृषालीनं सांगितलंय म्हणून."

चढताना कमरेत नेहमीची कळ आली. तिनं दात आवळले, पेडलवर पाय ठेवला. गल्लीच्या टोकाला खड्डा होता, तिथे सीटवरून पुढे उतरली, दोन्ही पाय टेकले, सायकल हातानं पुढे नेली, पुन्हा चढली. मग आग्रा रोड सकाळचा मोकळा लागला, कोपरं सैल सुटली आणि पायांतलं शिसं कुठल्यातरी ओट्यावरच राहून गेलं. राग मात्र शाबूत होता. पेडलला जोर त्याचाच लागत होता.

कोपऱ्यावर कमलबाई पोतं सोडत होती. तिनं लांबूनच ओळखलं आणि मेथी, पालक, गिऱ्हाईक सगळं टाकून ओरडली, "निंघनी का वं माय! मंग? भाऊनी काय सोडं?"

राजकुंवरनं घंटी वाजवली आणि न थांबता, मान मागे वळवून, आख्ख्या आग्रा रोडला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं सांगितलं, "चावी!"